शेवंताबाईंनी अनुमोदन दिलंच नव्हतं

माझे आजवरचे प्रवास बहुतेक परिसंवादांचे. म्हणजे स्टेशन, सभागृह, थंड पडलेला सामोसा आणि परत. घटनात्मक कायदा आणि कायद्याचं तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला गाव बघायला कुणी बोलवत नाही. बोलावलं तरी आम्ही जात नाही. आम्हाला गावाबद्दल लिहायचं असतं, त्यासाठी तिथं जावं लागतं असं नाही. हा टोमणा नाही. माझी सगळी नोकरी याच्यावर उभी आहे.

बावीस वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला. नगर जिल्ह्यातल्या तीन गावांच्या ग्रामसभांची इतिवृत्तं झेरॉक्स करून माझ्याकडे आली होती. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, एसटीचा कंडक्टर अजून ‘नगर’च ओरडतो.) प्रत्येक ठरावाखाली तेच: सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणजे ठराव मांडणारा आणि अनुमोदक म्हणजे त्याला पाठिंबा देणारा. मी पुण्यात पंख्याखाली बसून ती पानं वाचली आणि असा निष्कर्ष काढला की या गावांत एक अलिखित नियम आहे: सगळ्यांचं पटल्याशिवाय निर्णय होत नाही. शहरी माणसं डोकी मोजतात, गाव मनं वळवतं, वगैरे. लेख इंग्रजीत होता, त्यामुळे गाजला. त्यावर मी रीडर झाले, मग प्रोफेसर झाले, मग तो अभ्यासक्रमात लागला आणि मी मलाच शिकवू लागले.

सात वर्षांपूर्वी वर्गात मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला. “मॅडम, लेखातलं ते ‘गाव तीन’ आमचं आहे. आमच्याकडे असं होत नाही.”

“पुरावा?” मी म्हटलं. हा आमचा ठेवणीतला शब्द. तो उच्चारला की विद्यार्थी खाली बसतो. वंदना बसली, आणि पुढच्या आठवड्यात पीएच.डी.चा अर्ज घेऊन माझ्याच दारात उभी राहिली.

आता ती संगमनेरला एका कॉलेजात शिकवते, तिला एक मुलगी आहे, आणि तिचा प्रबंध पुरा झाला आहे. चौथं प्रकरण सांगतं की माझा लेख चूक आहे. पाचवं प्रकरण सांगतं की किती चूक आहे. नोंदणीची मुदत एकतीस जानेवारीला संपत होती, वाढ मिळण्याची सोय उरली नव्हती आणि मार्गदर्शक म्हणून माझ्या सहीशिवाय विद्यापीठ प्रबंध घेत नाही. सही नसेल तर सात वर्षं गेली.

मी म्हटलं, बघितल्याशिवाय सही करणार नाही. ती म्हणाली, “चला मग, दाखवते.” बावीस वर्षांत मला हे कुणीच म्हटलं नव्हतं.

गाव एक, श्रीगोंद्याच्या बाजूला, २३ जानेवारी

गावांची नावं देत नाही. प्रबंधातही ती गाव एक, दोन, तीन अशीच आहेत. संशोधनात गाव लपवायचं असतं. लेखकाचं नाव मात्र मोठ्या टायपात छापायचं असतं.

पुण्याहून एसटीनं श्रीगोंद्याला उतरले. वंदना नवऱ्याची छोटी गाडी घेऊन स्टँडबाहेर उभी होती. जानेवारीत या रस्त्यांवर कुणाची सत्ता असते हे ज्याला पाहायचंय त्यानं उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास राहून बघावं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांबाहेर दोन्ही बाजूंना लोंबणारा ऊस, मागे दिवा नाही, पुढे ड्रायव्हरच्या कानाशी स्पीकर. तुम्ही हॉर्न वाजवायचा आणि त्यानं आवाज वाढवायचा. सगळ्या हवेला मळीचा आंबूस वास. नाक दहा मिनिटांत सरावतं आणि मग भूक लागते, हे विचित्र आहे पण खरं आहे.

मला भेटायचं होतं शेवंताबाईंना. माझ्या लेखातली ही सगळ्यात लाडकी व्यक्ती. गाव एकच्या इतिवृत्तात बऱ्याचशा ठरावांना अनुमोदक म्हणून त्यांचंच नाव होतं. मी त्यावर अडीच पानं लिहिली होती: ग्रामीण स्त्रीचा निर्णयातला सहभाग, तिचा मौन नसलेला आवाज. ‘मौन नसलेला आवाज’ म्हणजे काय हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

शेवंताबाई पंचाहत्तरीच्या आसपास असतील. ठणठणीत. म्हशीला पेंड घालत होत्या. आम्हाला बघून हात न धुताच म्हणाल्या, “बसा बाई. पिठलं टाकते.”

पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. आमच्या पुण्यात पाहुण्याला आधी ‘काय घेणार’ असं विचारतात, म्हणजे त्याला ‘काही नको’ म्हणता येतं. इथं विचारतच नाहीत. दुसरी भाकरी ताटात पडल्यावर मी विषय काढला.

“शेवंताबाई, तुम्ही ग्रामसभेला नेहमी जायचात ना?”

“कुठं?”

“ग्रामसभेला. ग्रामपंचायतीत.”

“अगं बाई, मी कशाला जाऊ तिथं? तेच माझ्या दारात यायचे.” त्यांनी गोठ्याच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे ग्रामपंचायतीचं ऑफिस होतं. “भाऊसाहेब यायचा वही घेऊन. मावशी, एक बाई पायजे, सई करा. मी करायची.”

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. या जिल्ह्यात ग्रामसेवकालाही भाऊसाहेब म्हणतात आणि तलाठ्यालाही.

“पण सही कशावर करतोय हे…”

“कुनाला ठाव! साक्षरतेच्या वर्गात मी नवी नवी सई शिकले हुते. गल्लीत दुसऱ्या कुठल्या बाईला येत न्हवती. मला लई भारी वाटायचं.” मग त्यांना काहीतरी आठवलं. “एकदा मी म्हशीचं आवरत हुते, हात तसाच. पान भरलं शेनानं. भाऊसाहेब असा वराडला!”

त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. लेखात मी लिहिलंय: ‘मूळ दस्तऐवज या ठिकाणी काळाच्या ओघात अस्पष्ट झाला आहे.’

मी पिशवीतून लेख काढला. खोटं बोलायचं तर इथं थांबता आलं असतं, पण वंदना समोर बसून भाकरी मोडत होती. “हे बघा, यात तुमचं नाव छापलंय.”

“ही इंग्रजी? आन् मी यात काय म्हनते?”

“तुम्ही म्हणता की गावच्या कारभारात बायकांचा बरोबरीचा वाटा आहे.”

“मी म्हनते?” त्या इतक्या हसल्या की म्हैस मान वळवून बघू लागली. “बरं म्हनते की मग! सरपंचाला दाखव ते.”

गाडीत बसल्यावर वंदनानं नुसती किल्ली फिरवली. बोलण्यासारखं तिनं आधीच चौथ्या प्रकरणात लिहिलेलं होतं, तारखेसकट. मी खिडकीबाहेर ऊस बघत बसले. या रस्त्यावर दुसरं बघण्यासारखं काही नसतं, त्यामुळे ते शोभून गेलं.

गाव दोन, पारनेर तालुका, २४ जानेवारी

पारनेरकडे ऊस संपतो आणि माळ सुरू होतो. डोंगरांवर समतल चर खणलेले, लांबून बघितलं तर कुणी कंगवा फिरवल्यासारखे. रस्त्याला दुधाच्या किटल्या घेऊन निघालेल्या मोटरसायकली. पाण्याची इथं फार मोजदाद असते. आम्हाला हात धुवायला दिलेलं तांब्याभर पाणीही डाळिंबाच्या आळ्यातच पडेल अशा जागी उभं केलं गेलं.

उभं करणारे होते शेवंताबाईंचे भाऊसाहेब. श्रीगोंद्याच्या बाजूला नोकरी करून बदलीनं इथं आले, इथंच निवृत्त झाले आणि दोन एकर घेऊन राहिले. म्हणजे माझ्या तीनपैकी दोन गावांची इतिवृत्तं एकाच हातची होती. अक्षर सारखं आहे हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? आलं होतं. मला वाटलं, ग्रामीण भागात अक्षर वळणदार असतं.

हुरड्याचे दिवस होते. शेतातच आगटी पेटवली होती, भाऊसाहेबांच्या सूनबाई गरम कणसं हातावर चोळून दाणे काढत होत्या. ते कुणी दुसऱ्यानं काढून दिलेलेच खावेत, स्वतः चोळायला गेलं की तळहात भाजतात. मी भाजून घेतले. तोंडी लावायला शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. पत्रावळी उडून जात होत्या म्हणून वंदनाच्या फाइलीतून एक कागद घेऊन त्यावर चटणी वाढली गेली.

“मॅडम, ते तुमच्या लेखाचं पान आहे,” वंदना म्हणाली.

“असू दे. तेल चांगलं शोषतंय,” मी म्हटलं.

भाऊसाहेब स्वच्छ पांढऱ्या शर्टात, खिशाला दोन पेनं. प्रश्न विचारण्याची गरजच पडली नाही. नोकरीभर त्यांना कुणी हे विचारलं नव्हतं आणि त्यांना सांगायचं होतं.

“मॅडम, सर्वानुमते लिहिलं की फाईल एका दमात वर जाते. बहुमताने लिहिलं की वरचा साहेब विचारणार, विरोधात कोण होतं? का होतं? भांडण झालं का? गटारीच्या कामासाठी एवढं कोण सांगत बसणार? मी तर आदल्या दिवशीच सगळं लिहून ठेवायचो. सभेत फक्त वाचायचं.”

“आणि सूचक, अनुमोदक?”

“ते पाळीपाळीनं. एकाचंच नाव आलं की दुसरा रुसतो. गावात सगळं जपावं लागतं. बाई एक तरी पायजे, म्हणून शेवंताबाई, ऑफिसच्या जवळ.” ते थोडे पुढे वाकले. “एकदा वारलेल्या माणसालाच अनुमोदक केलं मी. ध्यानात राहिलं न्हाई. पण कुणी काही बोललं नाही. उलट त्याच्या घरच्यांना बरं वाटलं.”

मी ते तेव्हाच वहीत लिहून घेतलं. मृत्यूनंतरही सहभाग घेणाऱ्या त्या गृहस्थांवर माझ्या लेखात एक परिच्छेद आहे. सातत्याचं उदाहरण म्हणून.

“तुमच्या त्या लेखात माझं नाव आहे का?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“नाही.”

“म्हंजे लिहिलं सगळं मी, आन् नाव शेवंताबाईचं.” त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते वाईट वाटणं मला लगेच ओळखू आलं. आमच्या धंद्यात रोज कुणाला ना कुणाला तेवढंच वाईट वाटतं.

इथं एक कबुली द्यायला हवी, कारण गाडीत मी ती वंदनाला दिली आणि ती गाडी कडेला घेऊन हसली. कोथरूडच्या आमच्या सोसायटीची मी नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. वार्षिक सभेचं इतिवृत्त मी आदल्या दिवशी लिहिते. प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते’. अनुमोदक म्हणून तळमजल्यावरच्या काकूंचं नाव, कारण त्यांचं दार जिन्याशेजारी आहे. घटना शिकवायची, कायद्याला कायदेपण कुठून येतं यावर तास घ्यायचे, आणि घरी येऊन हे. त्या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे हे मला हुरडा खाईपर्यंत सुचलं नव्हतं.

“मग चौथं प्रकरण पटलं?” तिनं विचारलं.

“चौथं पटलं. पाचवं बघू.” पाचव्यात तिचं स्वतःचं गाव होतं, आणि तिथली सहमती म्हणजे नुसता दबाव असा दावा.

गाव तीन, राजूरच्या पुढे, २५ जानेवारी

आळेफाटा, कोतूळ करत राजूरला पोचलो तेव्हा दुपार होत होती. राजूर म्हणजे आसपासच्या डोंगरातल्या सगळ्या गावांचा बाजार: कोयते, घोंगड्या, मोबाईलची कव्हरं, सुकट, सगळं एका ओळीत. पेढे इथले नावाजलेले. खवा जास्त भाजलेला, साखर बेताची. मी अर्धा किलो घेतले आणि त्यातले किती पुण्याला पोचले हे विचारू नये.

पुढचं गाव डोंगराच्या कुशीत, खाली धरणाचं पाणी. वंदनाच्या आईनं तांदळाची भाकरी आणि काळ्या घेवड्याची आमटी वाढली आणि जावयाची, नातीची, माझ्या गुडघ्यांची चौकशी एकाच दमात उरकली. तांदळाला असा वास की शेजारच्या घरात भात शिजला तरी कळावं.

दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा होती. आदिवासी भागात गावाच्या सामायिक जमिनीवर ग्रामसभेचा शब्द कायद्यानं मोठा असतो, आणि विषय जमिनीचाच होता. धरणाकाठच्या गायरानावर पर्यटकांसाठी तंबू लावायला गावातल्याच एका बचतगटाला जागा द्यायची की नाही. पुण्या-मुंबईची माणसं तंबूत झोपायला पैसे देतात, यावर गावात अजून पुरता विश्वास बसलेला नव्हता, पण शेजारच्या गावाला मिळत होते म्हणून तयारी होती.

खरी बैठक आदल्या दिवशी, म्हणजे आजच, देवळाच्या ओट्यावर. पंचवीसेक माणसं, निम्म्या बायका. सगळे राजी, एकट्या हिराबाई सोडून. पन्नाशीची सडपातळ बाई, काखेत शेळीचं करडू.

“तंबू लावा की. माझ्या शेळ्या कुठं नेऊ ते सांगा.”

कुणी म्हणालं, पलीकडच्या डोंगरावर. “तिथं बिबट्या हाय. तू जाशील का?” कुणी म्हणालं, पावसाळ्यात तंबू नसतील, तेव्हा चारा. “आन् उन्हाळ्यात शेळ्यांनी उपास धरायचा?” सरपंच शांत माणूस. ते म्हणाले, काठाचा पट्टा मोकळा ठेवू. हिराबाई म्हणाल्या, पट्ट्यावर गाड्या लावतील. पुन्हा पहिल्यापासून. एकही माणूस उठून गेला नाही. कुणी ‘मतदान घ्या’ म्हटलं नाही. चहा आला, करडू या मांडीवरून त्या मांडीवर फिरलं, दोन तास झाले.

आणि मला आनंद होऊ लागला. हेच तर मी लिहिलं होतं! इतिवृत्त खोटं असेल, पण त्यामागची रीत खरी आहे. शेवटच्या माणसाला पटेपर्यंत कुणी उठत नाही. चुकीच्या कागदांवरून मी बरोबर निष्कर्ष काढला होता.

शेवटी हिराबाईंनी करडू उचललं. “करा काय करायचं ते,” म्हणाल्या आणि घरी गेल्या. सगळे उठले. ठरलं.

संध्याकाळी चुलीशी बसून मी वंदनाला म्हटलं, “पाचवं प्रकरण बदल. इथं सहमती आहे. मी आज डोळ्यांनी बघितली.”

“हिराबाई उठून गेल्या, मॅडम.”

“दोन तास बोलून गेल्या. विरोध सोडला.”

“दमून गेल्या. शेळ्या सोडायची वेळ झाली होती.” तिनं वही दाखवली. “‘करा काय करायचं ते.’ हे मी तसंच लिहून घेतलंय. याला संमती म्हणायचं?”

हा प्रश्न चांगला होता. मी चाळीस मिनिटांचा तास घेऊ शकले असते. त्याऐवजी मी म्हटलं, “हे प्रकरण बदललंस तर सही आत्ता करते.”

वाक्य तोंडातून गेलं. वंदनाची आई भाकरी उलटायची थांबली. वंदनाचा आवाज चढला नाही.

“आणि नाही बदललं तर?”

मी काही बोलले नाही. सात वर्षं तिनं मुलीला झोपवून रात्री लिहिलं होतं हे मला माहीत होतं. अशा वेळी न बोलणं म्हणजे काय असतं हेही मला माहीत होतं.

“योगायोगानं बरोबर येणं पीएच.डी.त चालत नाही,” ती म्हणाली. “हे तुमचंच वाक्य आहे. माझ्या पहिल्या मसुद्यावर लाल पेननं लिहिलेलं.” आणि ती उठून अंथरुणं घालायला गेली.

गाव तीन, २६ जानेवारी

सकाळी शाळेपुढे झेंडावंदन. बोचरी थंडी, मुलांच्या नाकातून वाफा, घटनेच्या उद्देशिकेचं सामूहिक वाचन. एवढ्या थंडीत ‘सार्वभौम’ म्हणताना सगळ्यांचेच दात वाजत होते. मग गरम जिलेबी. मी दरवर्षी कॉलेजात या दिवशी भाषण करते. जिलेबी इथली चांगली होती, आणि भाषण नव्हतं.

ग्रामसभा शाळेच्या खोलीत. ग्रामसेविका तिशीच्या, भराभर वाचणाऱ्या. त्यांच्याकडे आणखी दोन गावं होती आणि तिथल्याही सभा आजच. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी वही उघडली. ठराव लिहिलेलाच होता. “गायरानातील जागा बचतगटास देण्याबाबतचा ठराव सर्वानुमते…”

“थांबा,” दारातून आवाज आला. हिराबाई. आज करडू नव्हतं. “सगळ्यांच्या मतानं न्हाई. माझं नाव लिवा. मी न्हाई म्हनते.”

“हिरामावशी, काल ठरलं ना?” सरपंच म्हणाले.

“काल मी घरी गेल्ते. घरी गेलं म्हंजी व्हय झालं का?”

खोलीत खसखस पिकली, मग कुजबुज. ग्रामसेविका अवघडून म्हणाल्या, “मावशी, विरोध लिहायला यात जागा नाही हो. आणि बहुमत लिहिलं की वरून विचारणा येते.”

“तुमाला जागा न्हाई, मला चारा न्हाई. ज्याचं त्यानं बगा.”

“अगं, सगळ्या गावाचं काम अडलं तुझ्यापायी,” एक आजोबा म्हणाले.

“अडलं न्हाई. फकस्त लिवा म्हनते. तंबू लावायचे तर लावा. पन माझ्या नावानं लावू नका.”

मी खरं सांगते: मी उठणार नव्हते. पाहुणीनं मागच्या बाकावर बसायचं असं वंदनानं तीनदा बजावलं होतं. पण मी उठले, आणि तास घेतानाच्या आवाजात म्हणाले, “लिहा. ठरावाखाली लिहा, विरोध एक, नाव हिराबाई, कारण चराई. जागा नसेल तर समासात लिहा. कायद्यात याला कुठंही मनाई नाही.”

सरपंचांनी माझ्याकडे बघितलं. “तुमी कोन, मॅडम?”

“मी वंदनाबरोबर आलेय,” मी म्हटलं. वंदनाच्या चेहऱ्याकडे बघून एवढं कळलं की काहीतरी भयंकर केलंय.

विरोध लिहिला गेला. समासात, बारीक अक्षरात. ठराव बहुमतानं मंजूर झाला. मी हिराबाईंच्या जवळ गेले. आभाराची अपेक्षा नव्हती असं म्हणणार नाही.

“तुमी कशाला उठला?” त्या म्हणाल्या. “मी बोलत हुते ना.”

“पण त्या लिहीत नव्हत्या.”

“लिवलं असतं. सोमवारी परत आले असते, मंगळवारी आले असते. आता सगळं गाव म्हनंल, पुन्याची बाई आनून लिवून घेतलं.” आणि त्या शेळ्यांकडे गेल्या.

बाहेर वंदना गाडीला टेकून उभी होती. गेल्या तीन दिवसांत ती मला एकदाही ओरडली नव्हती. आता ओरडली.

“मॅडम, सात वर्षं मी या खोलीत मागच्या बाकावर बसलेय! माझ्या स्वतःच्या गावात, माझ्या आईच्या नात्यातली माणसं, आणि तोंडातून शब्द काढला नाही. या वहीत पहिल्यांदा विरोध लिहिला गेला, आणि तो मला वापरता येणार नाही! कारण तो तुम्ही लिहायला लावलात!”

“ती बोलतच होती…”

“हो ना! बोलत होती! तिनं लिहून घेतलं असतं की नाही, हे आता कुणालाच कधी कळणार नाही.” तिनं श्वास घेतला. “मागच्या वेळी तुम्ही न येता चुकलात. या वेळी येऊन.”

वर्गात असा मुद्दा आला असता तर मी ‘वेळ संपली’ म्हटलं असतं.

राजूरच्या बाजारात चहाला थांबलो. तिनं फाईल काढली, शेवटच्या पानावर हातानं एक तळटीप लिहिली आणि माझ्यापुढे सरकवली. ‘२६ जानेवारीच्या सभेत नोंदवलेला विरोध प्रस्तुत अभ्यासात विचारात घेतलेला नाही, कारण नोंद मार्गदर्शकांच्या हस्तक्षेपानंतर झाली.’ बाकी पाचव्या प्रकरणात एक शब्द बदललेला नव्हता. खाली मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, सहीची जागा रिकामी.

मी पेन काढलं.

“थांबा,” ती म्हणाली. “काल चुलीशी जे म्हणालात, त्याचं काय?”

“ते चूक होतं. तसं म्हणायला नको होतं.”

“आणि सही? पटलंय म्हणून करताय, की आज मी ओरडले म्हणून?”

चहावाल्यानं कप ठेवले. मी पेनाचं टोपण परत लावलं. “चौथं प्रकरण पूर्ण पटलंय. माझा लेख अभ्यासक्रमातून काढा असं पत्र मी सोमवारी देणार आहे. पाचवं नाही पटलं. दोन तास कुणी उठत नाही, याला तू नुसता दबाव म्हणतेस. मला तिथं आणखी काहीतरी दिसतं. काय ते मला सांगता येत नाहीये, पण दिसतं.”

“मग सही नका करू.”

“का? मला पटलं पाहिजे अशी अट प्रमाणपत्रात कुठंय? काम तुझं आहे, खरं आहे, प्रामाणिक आहे, एवढंच मी लिहून देतेय. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न मी विचारणार आहे, आणि तो ओट्यावरच्या दोन तासांचा असेल.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पेढ्यांचा पुडा उघडून माझ्यापुढे केला. “विचारा.”

मी सही केली. एकोणतीस तारखेला प्रबंध विद्यापीठात जमा झाला, पोचपावतीचा फोटो तिनं मला पाठवला, खाली काही न लिहिता. तोंडी परीक्षेची तारीख अजून यायची आहे. ती तयारीत असेलच. मीही रोज सकाळी दोन तास वाचतेय.